'डिव्होट टू' चा अर्थ काय आणि ते वाक्यात बसवायचं कसं

पारोळ्याहून एका मुलीने विचारलंय, बारावी झालीय आणि आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय. तिने साने गुरुजींवर इंग्रजीत निबंध लिहिला, त्यात एक वाक्य होतं 'साने गुरुजी डिव्होटेड टू टीच स्टुडंट्स'. तपासणाऱ्या सरांनी त्याखाली लाल रेघ मारली पण कारण सांगितलं नाही. तिचं म्हणणं असं की डिक्शनरीत डिव्होट टू म्हणजे वाहून घेणे असं स्पष्ट दिलंय, गुरुजींनी शिकवण्याला वाहून घेतलं हे तर सगळ्यांना माहीत आहे, मग चुकलं कुठे? जोडीला असंही विचारलंय की डेडिकेट, कमिट, बकल डाउन हे सगळं एकच का, आणि इंटरव्ह्यूत 'आय अ‍ॅम अ डिव्होटेड पर्सन' म्हटलं तर चालतं का.

बेटा, प्रश्न फार चांगला आहे. मी खान्देशातल्या पोरांना इंग्रजी शिकवतो, मराठी मीडियमची, घरी अहिराणी बोलणारी, आणि हीच चूक मला दरवर्षी वह्यांमध्ये दिसते, हुशार पोरांच्याही. म्हणून थोडं लांबवर सांगतो, घाई न करता वाच.

तुझ्या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही सरळ मराठीतून आल्यात.

पहिली बघ. मराठीत आपण म्हणतो, राजवाड्यांनी इतिहासाला वाहून घेतलं. आता या वाक्यात त्यांनी काय वाहिलं हे कुठे लिहिलंय का? नाही लिहिलं. तरी ऐकणाऱ्याला कळतं की स्वतःला वाहिलं, कारण ते 'स्वतःला' आपल्याकडे 'घेतलं' मध्येच बसलेलं असतं. जेवून घे, आवरून घे, लिहून घे, जिथे जिथे आपण 'घेणे' जोडतो तिथे काम आपल्या स्वतःकडे वळतं, वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजीत ही सोय नाही. डिव्होट या क्रियापदाला पुढे काहीतरी द्यावंच लागतं, काय वाहिलं ते. आयुष्य वाहिलं, वेळ वाहिला, पैसा वाहिला, आणि यातलं काहीच नसेल तर स्वतःला वाहिलं. म्हणून 'ही डिव्होटेड टू फार्मिंग' हे अर्धवट वाक्य झालं, इंग्रज माणूस ते ऐकून थांबेल की डिव्होटेड व्हॉट? काय वाहिलं? तिथे 'ही डिव्होटेड हिमसेल्फ टू फार्मिंग' किंवा 'ही डिव्होटेड हिज लाइफ टू फार्मिंग' असंच लागतं. शी असेल तर हरसेल्फ, दे असेल तर देमसेल्व्ह्ज, आय असेल तर मायसेल्फ, हे जोडीने पाठच करून टाक.

हे लक्षात राहायला शब्दाचं मूळ उपयोगी पडतं. डिव्होट हा लॅटिनमधून आलेला शब्द आहे, त्या मुळाचा अर्थ शपथ घेणे, व्रत घेणे, देवाला बोलणे असा आहे. इंग्रजीतला व्हाऊ म्हणजे शपथ, तो त्याच घरातला, आणि आपण मतदानाला ज्याला व्होट म्हणतो तोही त्याच मुळाचा. म्हणजे बघ, धुळ्याला एकवीरा देवीला कोणी नवस बोलतं तेव्हा नुसतं 'देवीला' म्हणून थांबत नाही, देवीला काय वाहणार ते बोलावंच लागतं, साडीचोळी का नारळाचं तोरण. डिव्होटचं तसंच आहे, काय वाहिलं आणि कोणाला वाहिलं, दोन्ही जागा भरल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

मग तू विचारशील की 'ही वॉज डिव्होटेड टू फार्मिंग' असं तर पुस्तकात दिसतं, त्यात हिमसेल्फ कुठे आहे? बरोबर, तिथे नसतं, कारण तिथे 'वॉज' आलंय आणि डिव्होटेड हे विशेषण झालंय, तो शेतीला वाहिलेला होता असा अर्थ. म्हणजे वॉज, वेअर, इज, आर यातलं काही डिव्होटेडच्या आधी असेल तर हिमसेल्फची गरज नाही, आणि नसेल तर हिमसेल्फ किंवा हिज लाइफ किंवा हिज टाइम असं काहीतरी पाहिजेच. तुझ्या वाक्यात दोन्हीपैकी एकही नव्हतं, पहिली लाल रेघ त्याची.

या दोन रचनांच्या अर्थातही थोडा फरक आहे. 'वॉज डिव्होटेड टू' ने मनाची ओढ कळते, माया, निष्ठा, स्थिती. 'डिव्होटेड हिमसेल्फ टू' मध्ये माणसाने काहीतरी केलं, ठरवून स्वतःला त्या कामात घातलं. साने गुरुजी 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, वसतिगृहातल्या मुलांचं सगळं आईसारखं बघायचे, आणि 1930 मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. आता मुलांवरची माया सांगायची असेल तर 'ही वॉज डिव्होटेड टू हिज स्टुडंट्स' हेच शोभतं, आणि 1930 नंतरचं सांगायचं असेल तर 'ही डिव्होटेड हिमसेल्फ टू द फ्रीडम मूव्हमेंट'. निबंधात दोन्ही वापरलीस तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की हिला फरक माहीत आहे.

आता दुसरी चूक, आणि ही जास्त त्रास देणारी आहे. डिव्होट नंतरचा 'टू' आणि 'आय वॉन्ट टू गो' मधला 'टू', दोन्ही दिसायला बोलायला एकसारखे पण जात वेगळी. 'वॉन्ट टू गो' मधल्या टू नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, गो, ईट, टीच. डिव्होट नंतरचा टू हा प्रीपोझिशन आहे, म्हणजे आपल्या 'ला' सारखा प्रत्यय समज, आणि प्रत्यय नामालाच लागतो. मराठीत आपण 'शिकवतो ला' म्हणतो का? नाही, आधी शिकवणं असं नाम करतो मग 'शिकवण्याला' म्हणतो. इंग्रजीत ते नाम करायचं काम 'इंग' करतो. टीच चं टीचिंग, हेल्प चं हेल्पिंग, कलेक्ट चं कलेक्टिंग. म्हणून 'डिव्होटेड हिज लाइफ टू टीचिंग', 'टू टीच' नाही. तुझं वाक्य दुरुस्त केलं की असं होतं: 'साने गुरुजी डिव्होटेड हिमसेल्फ टू टीचिंग'. स्टुडंट्स हा शब्द ठेवायचाच असेल तर 'टू टीचिंग हिज स्टुडंट्स'.

यात एक गोष्ट पोरांना फार गोंधळात टाकते आणि ती बहुतेक वेळा कोणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे थांबतो. तू कुठेतरी 'ही डिव्होटेड हिज लाइफ टू स्टडी' असं वाचशील आणि म्हणशील की सर तर इंग लागतो म्हणाले, इथे तर नुसतं स्टडी आहे. ते वाक्यही बरोबर आहे. कारण स्टडी हे क्रियापद आहे तसंच नामही आहे, अभ्यास. वर्क पण तसंच, काम करणे आणि काम. रिसर्च, प्रेअर, सर्व्हिस ही तर नामंच. मग ओळखायचं कसं? त्या शब्दापुढे लगेच काहीतरी जोडून बघायचं. 'स्टडी प्लँट्स' असं पुढे कर्म जोडलं की स्टडी क्रियापद झालं, मग 'टू स्टडी प्लँट्स' चालणार नाही, 'टू स्टडीइंग प्लँट्स' किंवा 'टू द स्टडी ऑफ प्लँट्स' करावं लागेल. पुढे काहीच नाही, वाक्य तिथेच संपतंय, तर ते नाम म्हणून उभं राहू शकतं. ही परीक्षा वहीत दहाबारा वाक्यांवर करून बघ, हात बसेल.

अजून एक बारकावा. एकाच वाक्यात दोन्ही जातीचे टू येऊ शकतात. धुळ्याच्या जेलमध्ये 1932 मध्ये विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी तिथेच कैदेत होते, त्यांनी ते सगळं लिहून घेतलं, आज आपल्याला ते वाचायला मिळतं ते त्यामुळेच. आता याचं वाक्य कर: 'साने गुरुजी डिव्होटेड हिज संडेज टू रायटिंग डाउन द टॉक्स टू प्रिझर्व्ह देम फॉर अदर्स.' पहिला टू डिव्होटचा आहे, त्याच्यानंतर रायटिंग. शेवटचा टू 'करण्यासाठी' या अर्थाचा, हेतू सांगणारा, त्याच्यानंतर मूळ रूप प्रिझर्व्ह. मधलं 'द टॉक्स' हे रायटिंगचं कर्म आहे, त्याने गोंधळू नकोस. हे एक वाक्य नीट समजलं तर टू चा अर्धा घोळ संपला म्हणून समज.

आणि हा इंगवाला टू फक्त डिव्होटचा नाही. 'लुक फॉरवर्ड टू' त्यातलाच, म्हणून पत्राच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' असतं, 'टू हिअर' नसतं. 'आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली', मला लवकर उठायची सवय आहे, हाही त्यातला. 'ऑब्जेक्ट टू', 'डेडिकेट टू', 'कमिट टू', 'गेट डाउन टू' सगळे याच भावकीतले. एक कळला की सगळे सुटतात, वेगवेगळे पाठ करत बसू नका.

तिसरी चूक तुझ्या वाक्यात नव्हती पण तुझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या वहीत असणार, ती म्हणजे 'फॉर'. 'शी डिव्होटेड हर लाइफ फॉर द पुअर.' हे कुठून येतं तर मराठीतल्या 'साठी' तून, गरिबांसाठी आयुष्य वाहिलं. पोरगं साठी म्हटलं की फॉर टाकतं, हात आपोआप तिकडे जातो. यावर माझा सोपा उपाय असा की मनात वाक्य करताना 'साठी' ऐवजी 'ला' ने कर. गरिबांच्या सेवेला वाहून घेतलं. आणि ज्यांच्या घरी अहिराणी आहे त्यांना तर अजून सोपं, आपण 'कामले लाग', 'अभ्यासले बस' म्हणतोच ना, तो 'ले' म्हणजेच हा टू. जिथे मनात ला किंवा ले येतो तिथे टू. मी वर्गात 'ले' सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान हलवतात, आणि मला वाटतं घरच्या भाषेचा असा उपयोग करायला शिक्षकांनी लाजू नये, पोरं तीच भाषा मनात घेऊन वर्गात बसलेली असतात.

आता अर्थाकडे. डिक्शनरीत वाहून घेणे, समर्पित करणे असं दिलेलं असतं, ते चूक नाही पण त्यामुळे पोरांना वाटतं की हा शब्द फक्त देव, देश, समाज असल्या मोठ्या गोष्टींसाठीच. त्यात भक्तिगीतांना डिव्होशनल साँग्ज म्हणतात, मग तर खात्रीच होते. प्रत्यक्षात इंग्रजीत हा शब्द रोजच्या साध्या गोष्टींनाही लागतो. 'द पेपर डिव्होटेड अ फुल पेज टू बनाना प्राइसेस', पेपरने केळीच्या भावाला पूर्ण पान दिलं. 'चॅप्टर थ्री इज डिव्होटेड टू सॉइल', तिसरा धडा मातीवर आहे. 'आय डिव्होट हाफ अ‍ॅन अवर टू व्होकॅब्युलरी', अर्धा तास शब्दांना देतो. इथे कुठे समर्पण? इथे मराठीत आपण नुसतं 'दिला' किंवा 'राखून ठेवला' म्हणू. भाषांतर करताना सगळीकडे समर्पित टाकलं तर केळीचा भावही आरतीसारखा वाटायला लागतो, म्हणून किती जोर द्यायचा ते पुढचं नाम बघून ठरव.

मग 'स्पेंड' आणि डिव्होट मध्ये फरक काय, हाही प्रश्न येतो. स्पेंड म्हणजे वेळ गेला किंवा घालवला, चांगला का वाईट ते त्यात नाही. 'ही स्पेंड्स फोर अवर्स ऑन हिज मोबाइल' एकदम नैसर्गिक. तिथे डिव्होट्स टाकलं तर विचित्र लागतं, कारण डिव्होट मध्ये आपल्या मर्जीने, हे काम त्या लायकीचं आहे असं मानून वेळ दिलाय हे गृहीत असतं. रचनाही बघून ठेव, स्पेंड ला ऑन लागतो किंवा सरळ इंगचं रूप, 'स्पेंट टू अवर्स रीडिंग', मध्ये टू नाही. आणि बोलताना लोक 'पुट इन' फार वापरतात, 'शी पुट्स इन अ लॉट ऑफ अवर्स', खूप तास घालते. डिव्होट थोडा लिखाणातला, थोडा मानाचा शब्द, निबंधाला, भाषणाला, अर्जाला छान, मित्राशी गप्पा मारताना तितका नाही येत.

काळाचं एक पटकन सांगतो. माणूस हयात आहे आणि काम चालू आहे तर 'हॅज डिव्होटेड'. माणूस गेलाय तर साधा भूतकाळ, 'डिव्होटेड'. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांच्याबद्दल 'हॅज डिव्होटेड' लिहू नये, निबंधात हे फार दिसतं.

इतिहासाचार्य राजवाड्यांचं उदाहरण मी मुद्दाम घेतो कारण ते आपल्या धुळ्याशी जोडलेलं आहे आणि डिव्होट हा शब्द त्यांना पुरेपूर लागतो. गावोगाव फिरून, वाड्यांमधली, माळ्यांवरची जुनी दफ्तरं शोधून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले, 1926 च्या शेवटी धुळ्यालाच त्यांचं निधन झालं आणि 1927 मध्ये त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. आता यावर वाक्यं कर, चार तरी. 'राजवाडे डिव्होटेड हिज लाइफ टू हिस्टरी.' 'ही डिव्होटेड हिमसेल्फ टू कलेक्टिंग ओल्ड पेपर्स.' 'हिज लाइफ वॉज डिव्होटेड टू द सर्च फॉर डॉक्युमेंट्स.' आणि चौथं प्रश्नाचं, 'व्हॉट डिड राजवाडे डिव्होट हिज लाइफ टू?' या शेवटच्या वाक्यात टू एकटा लटकतोय असं वाटतं ना, पोरं तो खोडतात. खोडू नको. प्रश्नात नाम पुढे निघून जातं, टू मागे राहतो, आणि तो राहिलाच पाहिजे. फार औपचारिक लिहायचं असेल तर 'द कॉज टू विच ही डिव्होटेड हिज लाइफ' असं टू पुढे नेता येतं.

डिव्होटच्या शेजारी 'गिव्हन ओव्हर टू' असा एक प्रयोग आहे, तो आपल्याकडे वर्णनाला फार उपयोगी. एखादी जागा, जमीन, दिवस पूर्ण एकाच गोष्टीला दिलाय असं सांगायचं असेल तर तो. रावेर, यावल भागातून जाताना दोन्ही बाजूंना केळीच केळी दिसते, 'लार्ज पार्ट्स ऑफ द तालुका आर गिव्हन ओव्हर टू बनानाज'. कपाशीला पण तसंच म्हणता येईल. चाळीसगावला केकी मूस यांचं घर आहे, स्टेशनपासून जवळच, विलायतेत शिकून आलेला हा माणूस, फोटोग्राफी, चित्रं, शिल्पं यात इतका रमला की वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही, 1989 मध्ये तिथेच गेला. त्याच्याबद्दल 'ही डिव्होटेड हिमसेल्फ टू आर्ट' आणि त्याच्या घराबद्दल 'द हाउस वॉज गिव्हन ओव्हर टू आर्ट'. माणसाला डिव्होट, जागेला गिव्हन ओव्हर, असं साधारण धरून चाल. माणसाला गिव्हन ओव्हर लावलं तर कधीकधी वाईट नादाला लागल्याचा वास येतो, म्हणून जपून.

आता डेडिकेट. आयुष्य, वेळ, मेहनत या बाबतीत डेडिकेट आणि डिव्होट अदलाबदल करता येतात, रचनाही तीच, काय आणि टू काय, आणि टू नंतर इंग. पण दोन जागी फक्त डेडिकेटच चालतं. एक म्हणजे अर्पण करणे. पुस्तक आईला अर्पण, गाणं मित्राला, पुतळा शहिदांना. नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 ला शिरीषकुमार आणि त्याचे बालसोबती गोळीबारात गेले, त्यांचं स्मारक आहे, त्याला 'अ मेमोरिअल डेडिकेटेड टू द यंग मार्टर्स' म्हणायचं, डिव्होटेड नाही. दुसरी जागा म्हणजे एकाच कामासाठी राखून ठेवलेली सोय. कोरोनाच्या वेळी हॉस्पिटलवर 'डेडिकेटेड कोविड हॉस्पिटल' असे बोर्ड होते, ते आठवतात ना, तिथे डिव्होटेड लिहिलं असतं तर हॉस्पिटल कोविडवर जीव लावून बसलंय असा अर्थ झाला असता. शेतीचा वेगळा डेडिकेटेड फीडर म्हणतात तोही याच अर्थाने.

कमिट मध्ये बांधिलकी आहे, शब्द दिलाय, आता मागे फिरता येत नाही. डिव्होट मध्ये वेळ आणि जीव देणं, कमिट मध्ये वचन देणं. 'आय कॅन्ट कमिट टू कमिंग एव्हरी संडे', दर रविवारी येईन असा शब्द देऊ शकत नाही. इथे डिव्होट बसणारच नाही. पण 'कमिटेड टू' विशेषण म्हणून डिव्होटेडच्या जवळ येतं, 'कमिटेड टू इक्वॅलिटी', म्हणजे समतेच्या विचाराला बांधलेला. विचार, धोरण, तत्त्व असेल तर कमिटेड जास्त शोभतं, माणसावर माया असेल तर डिव्होटेड.

बकल डाउन एकदम वेगळं आहे, ते आयुष्यभराचं नाही. बकल म्हणजे पट्ट्याची, चिलखताची कडी, ती आवळणे, आपल्या 'कंबर कसणे' च्या जवळ जातं. परीक्षा पंधरा दिवसांवर आली, आतापर्यंत टाइमपास झाला, आता गंभीर होऊन कामाला लागायचं, त्याला बकल डाउन. 'इट्स टाइम टू बकल डाउन', 'यू हॅव टू बकल डाउन टू युअर स्टडीज'. इथे हिमसेल्फ वगैरे काही लागत नाही, एकटं चालतं. याचाच भाऊ नकल डाउन, ब्रिटिश लोक हा जास्त वापरतात, आणि तो गोट्यांच्या खेळातून आला असं सांगतात, बोटाचं पेर जमिनीला टेकवून नेम धरायचा, म्हणजे सगळं लक्ष त्या गोटीवर. फक्त शेवटचा छोटा शब्द बदलला तर अर्थ उलटा होतो हे लक्षात ठेव, 'बकल अंडर' किंवा 'नकल अंडर' म्हणजे दबावाखाली वाकणे, हार मानणे, आणि 'बकल अप' म्हणजे गाडीत सीटबेल्ट लावणे. राजवाडे बकल्ड डाउन असं म्हटलं तर त्यांनी एका खंडापुरता जोर लावला असं होईल, उभ्या आयुष्याला तो शब्द पुरत नाही.

अजून दोन शेजारी आहेत, थोडक्यात. 'थ्रो योरसेल्फ इंटू', यात उत्साह, उडी मारणं आहे, आपलं झोकून देणे. गंमत बघ, मराठीत आपण कामा'ला' वाहून घेतो पण कामा'त' झोकून देतो, आणि इंग्रजीतही तिथे टू आणि इथे इंटू. विभक्ती बघितली की प्रीपोझिशन सापडतो, नेहमी नाही पण बऱ्याचदा, म्हणून आधी मराठी वाक्य नीट करायची सवय लाव. दुसरा 'स्टिक अ‍ॅट', अवघड जातंय तरी चिवटपणे करत राहणे, 'स्टिक अ‍ॅट इट'. 'स्टिक टू' मात्र ठरलेलं न सोडणे, 'स्टिक टू युअर टाइमटेबल'.

काही जण वाद घालतात की डिव्होट टू हा फ्रेजल व्हर्बच नाही. काटेकोर व्याकरणात त्यांचं बरोबर आहे, तो प्रीपोझिशन लागणारा क्रियापद-प्रयोग आहे, गिव्ह अप किंवा बकल डाउन सारखा अर्थ बदलून टाकणारा खरा फ्रेजल व्हर्ब नाही, डिव्होटचा अर्थ टू नसतानाही तोच राहतो. पण गाइडांच्या याद्यांमध्ये तो फ्रेजल व्हर्ब म्हणूनच छापलेला असतो, प्रश्नही तसेच विचारतात, त्यामुळे नावावरून डोकं शिणवू नको.

राहिला इंटरव्ह्यू. 'आय अ‍ॅम अ डिव्होटेड पर्सन' असं म्हणू नकोस. डिव्होटेड हे विशेषण नात्यात शोभतं, डिव्होटेड मदर, डिव्होटेड सन, डिव्होटेड फॉलोअर, म्हणजे कोणाला तरी वाहिलेला. नुसतं डिव्होटेड पर्सन म्हटलं की ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, कोणाला? कामाबद्दल बोलायचं तर डेडिकेटेड किंवा हार्डवर्किंग बरं. पण माझं मत विचारशील तर विशेषण लावूच नये, सगळेच तेच लावतात. त्यापेक्षा काय करतेस ते सांग, 'आय डिव्होट टू अवर्स एव्हरी मॉर्निंग टू करंट अफेअर्स', यात तास आहेत, काम आहे, व्याकरण पण बरोबर दिसतं. फक्त ते खरं असू दे, कारण समोरचे लगेच आजचा पेपर विचारतात. आणि त्यांनी 'व्हॉट एल्स डू यू डिव्होट युअर टाइम टू?' असं विचारलं तर टू त्यांच्या प्रश्नातच आलाय, त्यामुळे उत्तर सरळ नामाने किंवा इंगने सुरू कर, 'रीडिंग मराठी पोएट्री, अँड हेल्पिंग माय फादर ऑन द फार्म'. पुढचा प्रश्न शेतीवर आला तर घाबरू नकोस, ते तुला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे.